पायपुसण्यावरचे हात

मंगळवार, संध्याकाळ

किळस जात नाही. पलसाण्याच्या मिलमध्ये शेठनं सांगितलं म्हणून मी नेटवरून दोन पंजांची नक्षी उचलली आणि पायपुसण्याचं डिझाइन केलं. शेजारच्या टेबलावरच्या रिबेकाताई ते बघायला वाकल्या. मग म्हणाल्या, "आम्हा ज्यूंचे पुरोहित आशीर्वाद देताना असे हात धरतात गं. अलिबागला माझ्या आजोबांच्या कबरीवर हेच कोरलंय."

शेठला सांगितलं. ते हसले. "हाथ ज छे ने! चालशे." आणि छापून आलेल्या नमुन्यावर त्यांनी ताईंसमोर बूट पुसले. त्या हातांवर!

मी फाइल डिलीट केली. नोकरी जाईल, जाऊ दे. पण शी, ती नक्षी उचलण्याआधी मी कुणाला विचारलं का नाही? निघताना ताईंनी माझ्या पाठीवरून हात फिरवला, तेव्हा मला वर बघवेना.