सशाचा डावा डोळा

बाळ,

तुझा फोन लागत नाहीये, म्हणून लिहून ठेवतोय. आल्या आल्या आधी हे वाच. वाटाण्याला घेऊन प्राण्यांच्या डॉक्टरांकडे गेलोय. दात येताहेत म्हणून तो दिवसभर मी शिवलेल्या सशाला चावत होता. दुपारी ससा उचलला तर डाव्या डोळ्याच्या जागी नुसता दोरा हाताला लागला. बटण गायब. प्लॅस्टिक एक्स-रेत दिसेलच असं नाही, डॉक्टर फोनवर म्हणाले. घरात मिळालं नाही तर एवढ्याशा पिल्लाला भूल देऊन पोटात शोधावं लागेल.

"बाबा, तोंडात मावणार नाही असंच खेळणं द्या, आणि त्यावर शिवलेलं काही नको," असं तू बजावलं होतंस. तू आणलेलं रबराचं कडं मीच कपाटावर टाकलं. वर तुला ऐकवलं, चाळीस वर्षांत माझ्या हातचं बटण कुणाचं तुटलेलं नाही.

मशीनखाली बघ, चिंध्यांच्या पिशवीत बघ. तिथे बटणं ढीगभर पडलीत, म्हणून सशाचा उजवा डोळा कापून टेबलावर ठेवलाय. त्याच्याशी जुळवून बघ आणि मिळालं की त्या क्षणी फोन कर. डॉक्टर तेवढ्यासाठी थांबतील.

निघण्याआधी मी रांगत सगळी जमीन चाचपली. चाचपली, कारण मला जवळचं दिसत नाही, बाळ. गाठ मारतानाही दिसत नव्हतं. गेले सहा महिने गिऱ्हाइकांची बटणंसुद्धा अंदाजानेच लावतोय. तू विचारायचीस तेव्हा खोटं बोललो. अक्षर एवढं मोठं काढलंय ते त्यामुळेच.

रागव नंतर. आधी शोध.

बाबा