चौदावा नियम

मंगळवार संध्याकाळ, आखातातलं रोल्ला

१. दुपारी युद्धाच्या दोन बातम्या आल्या. सीमेच्या दोन्ही बाजूंना बॉम्बहल्ल्यात एकेक शाळकरी मुलगी गेली.
२. आमच्या न्यूज ॲपवर एक ‘नऊ वर्षांची मुलगी ठार’ झाली. दुसरी ‘अल्पवयीन व्यक्ती मृतावस्थेत आढळली’.
३. हा फरक कोणी माणसाने केला नाही. बातमी कुठल्या बाजूची ते पाहून शब्द बदलणारी एक यादी आहे, तिच्यातल्या चौदाव्या नियमाने केला.
४. तो नियम मी टाइप केला आहे.

डेस्कवरच्या फरीदाआपांनी दोन्ही ओळी माझ्या स्क्रीनवर शेजारी शेजारी लावल्या. “काय गं इंजिनीअर, तुझ्या मशीनला एकच पोरगी दिसते?” एरवी आपा टोमणाही हसून मारतात. आज हसल्या नाहीत.

मी संपादकांकडे गेले. ते म्हणाले, “यादी वरून आली. तू फक्त कोड लिहिलास. खलास.”

फक्त कोड. तेव्हा मीही स्वतःला हेच सांगितलं होतं. विचारलं का नाही? घाई होती, की विचारायचंच नव्हतं? आणि दुसरीही नऊचीच होती. मूळ बातमीत वय होतं.

नियम काढायचा अधिकार मला नाही. पण दर शुक्रवारी यादीखाली माझी सही लागते; तिच्याशिवाय यादी पुढे चालत नाही. व्हिसा कंपनीचा आहे, नोकरी गेली तर तोही जाईल; तेही धरून विचार केला. आत्ता संपादकांना मेल पाठवला:

‘चौदावा नियम काढेपर्यंत मी यादीवर सही करणार नाही. दोघींनाही “नऊ वर्षांची मुलगी” म्हणावं. कृपया गुरुवारी दुपारी चारपर्यंत लेखी उत्तर द्यावं.’