टेपचं दुसरं टोक

९ मे, मंगळवार

चि. नातवास,

आजीचे आशीर्वाद. उरलेत तेवढे पाठवते, जपून वापर.

मी बरी आहे. तुझ्या आत्याकडे खायला कमी नाही, बोलायला माणूस नाही. ती सकाळी कामावर जाते, जावई टीव्हीपुढे बसतात. डोळ्यांच्या डॉक्टरनं पाच मिनिटांत सांगितलं, वयाच्या मानानं नजर पक्की आहे. त्यासाठी आठ दिवस राहायला यायची गरज नव्हती, असं तोही म्हणाला. आता आठाचे पंधरा होत आले. तू भरून दिलेल्या पिशवीच्या तळाशी स्वेटर निघाला. इथं पंखा थांबला की जीव जातो. म्हटलं, पोरगं घाईत होतं, चुकून घातला असेल.

कारखाना कसा चाललाय? बर्फाच्या लाद्या वेळेवर निघतात ना? विजेचं बिल आलं की बापासारखाच कपाळाला हात लावत असशील.

त्या बिलापायी गच्चीवर सोलर बसवायचं काढलंस, त्याचा हिशेब करणाऱ्या प्रोग्रामांचं मला सारखं आठवतं. खाली यंत्रांचा गोंगाट, म्हणून तू लॅपटॉप घेऊन गच्चीवर माझ्या खोलीत यायचास. तीन प्रोग्राम होते. एक फुकटातला, गच्चीची लांबी-रुंदी विचारायचा आणि खर्च सांगून मोकळा व्हायचा. दुसरा तुझ्या मित्रानं दिलेला तक्ता. उत्तर पटलं नाही की मधला एखादा आकडा बदलायचा, लगेच फायदाच फायदा. तिसरा महागाचा, दरवर्षी पैसे भरायचे, पण तो सावली मोजायचा.

"आजी, बोल, कुठला घेऊ?" तू चेष्टेनं विचारलंस.

मी चेष्टा केली नाही. म्हटलं, "फुकटा आंधळा आहे आणि मित्राचा तोंडपुज्या. बँकेला दाखवायचंय ना? मग सावली मोजणारा घे. खरं बोलणारा महागच पडतो."

तू तोच घेतलास. माझ्या शब्दावर घेतलास, याचा मला केवढा ताठा! आत्याला फोन करून सांगितलं होतं मी.

मग त्याला सगळ्यांची उंची हवी झाली. टाकीची, कठड्याची, माझ्या खोलीची. टेपचं एक टोक तू धरलंस, दुसरं मी. "हलू नकोस गं," म्हणालास. नाही हलले.

तू पडद्यावर गच्चीभर सोलरच्या निळ्या पट्ट्या मांडल्यास आणि सकाळपासूनचा सूर्य फिरवलास. एक काळा डाग सरकत सरकत त्यांच्यावरून गेला. "ही बघ तुझी खोली." मी हसले. म्हटलं, "बघ, म्हातारी अजून केवढी जागा अडवते!" तू हसला नाहीस. काहीतरी दाबलंस आणि खोली नाहीशी झाली. डाग गेला. अकरा वर्षांत वसूल व्हायचा तो खर्च सातावर आला.

"हे काय रे?"

"काही नाही गं. नुसतं करून बघतोय."

आणि खोली परत आणून ठेवलीस. माझ्या डोळ्यांनी पाहिलं मी, आणि नजर पक्की आहे. परत ठेवली होतीस.

त्यानंतर तू वर यायचा बंद झालास. आलास तो थेट डोळ्यांच्या डॉक्टरचं घेऊन.

काल दुपारी गवंड्याचा फोन आला. ज्याच्या बापानं ती खोली बांधली, तोच.

"आजी, तुमचं कपाट फार जड आहे हो. खाली कुठं ठेवू?"

"कपाट कशाला हलवतोस?"

बिचारा म्हणाला, "साहेब म्हणाले, आजीला सगळं सांगितलंय."

सांगितलं असतंस तर मी हो म्हटलं असतं, असल्या भ्रमात राहू नकोस. नाहीच म्हटलं असतं. तुला चार शब्द ऐकवले असते, तू मला पाच ऐकवले असतेस, दोन दिवस अबोला धरला असता. तेवढं भांडणसुद्धा तू मला दिलं नाहीस. थंडीपर्यंतची सोय म्हणून स्वेटर दिलास.

त्या प्रोग्रामवर माझा राग नाही. जे विचारलं ते त्यानं खरं सांगितलं. केसानं गळा कापायला माणूस लागतो, आणि तोही घरचा.

गवंड्याला सांगितलंय, कपाट आहे तिथं राहू दे, भिंतीपण. तो माझं ऐकतो की तुझ्या मजुरीला जागतो, बघू. शनिवारी मी येते. गाडी पाठवू नकोस, बस मला कळते आणि जिना पाठ आहे. खोली असली तर खोलीत जाईन. नसली तर उघड्या गच्चीवर, तुझ्या पट्ट्यांच्या मधोमध खाट टाकून बसेन. आडवी होणार नाही, आडव्या माणसाची सावली फारशी पडत नाही.

तुझ्या प्रोग्रामात एक नोंद वाढवून ठेव. टेप लागणार नाही, मीच सांगते.

तुझी आजी,
उंची पावणेपाच फूट.