रोगणाचा शेवटचा हात

ता. ४ फेब्रुवारी

चि. छकुलीस अनेक आशीर्वाद.

डोळ्यांचं ऑपरेशन नीट झालं. पट्टी आहे म्हणून सूनबाई लिहून घेते आहे, त्यामुळे तुला मनासारखं बोलता येत नाही.

संगीतशाळेच्या बाईंचं व्हायोलिन तू घडवलंस, लाकूडकाम माझ्या तोडीचं झालं. पण रोगण हे तुझं काम नव्हे. लॅकरचा ब्रश एकदा ओढला की ओल्या जागी परत जायचं नसतं, आणि तुला तर मिटलेल्या भांडणातही परत जायची सवय! तीन वाद्यं तशीच बिघडवलीस. तेव्हा व्हायोलिन फर्निचरवाल्याकडे दे, तो यंत्राने फवारून देईल. दादा म्हणतो, आपला कारखानाही त्यालाच भाड्याने द्यावा आणि तू इकडे यावंस. मला पटलं आहे. बाईंचं काम झालं की किल्ली त्याच्या हवाली कर.

तुझा,
बाबा


ता. ११ फेब्रुवारी

ती. बाबांस सा. न. वि. वि.

वहिनी, हे पत्र काही न गाळता वाचून दाखव.

व्हायोलिन दिलं नाही. फर्निचरवाल्याचा टेम्पो दाराशी आला तेव्हा मी आतून कडी लावून बसले. तो हॉर्न वाजवून वाजवून कंटाळला आणि गेला. मग मी कुलूपच बदललं. दादाकडची किल्ली आता लागणार नाही. रागवा खुशाल.

फरशी ओली करून धूळ बसवली, तोंडाला फडकं बांधलं आणि ब्रश हातात घेतला. व्हायोलिनची पाठ, पोट छान उतरलं. रोगणाच्या तिसऱ्या हाताला मानेजवळ ओघळ आला. तुम्ही इथे असता तर ओरडला असता, आणि दचकून मी ब्रश परत फिरवला असता. त्या तिन्ही वेळा हेच झालं होतं, बाबा. या वेळी कुणी ओरडलं नाही. उजवा हात मांडीखाली दाबून बसले. मुंग्या आल्या, पण ओघळ सुकू दिला. दुसऱ्या दिवशी बारीक पॉलिश पेपरने घासला आणि शेवटचा हात मारला.

बाई व्हायोलिन घेऊन तुमच्याकडे येतील. हात लावून बघा. नाही आवडलं तर तसं स्पष्ट कळवा, पण मी इथून हलणार नाही.

राग हवा तेवढा धरा, लोभ त्याहून चिमूटभर जास्त असावा.

तुमची,
छकुली


ता. २० फेब्रुवारी

चि. छकुलीस अनेक आशीर्वाद.

सूनबाईने काही गाळलं नाही. उलट माझ्या ओरडण्याचा भाग दोनदा वाचला.

बाई काल येऊन गेल्या. मी व्हायोलिन बोटांनी पाहिलं. ओघळाची जागा मुद्दाम शोधली, तेव्हा मानेजवळ नखाला किंचित उंचवटा लागला. दादा लगेच म्हणाला, यंत्राने फवारलं असतं तर एवढंही राहिलं नसतं. मी त्याला गप्प बसवलं आणि बाईंना वाजवायला सांगितलं. त्यांनी वाजवलं आणि मला रडू आलं. डॉक्टरांनी डोळ्यांना त्रास द्यायचा नाही म्हणून बजावलं आहे, त्यांना तुझं नाव सांगेन.

दादाने जुनी किल्ली तेवढ्यात फर्निचरवाल्याला पाठवून दिली. कुलूप बदलल्याचं आम्ही दादाला सांगितलेलंच नाही. करू दे फर्निचरवाल्याला खटपट.

नव्या कुलपाची एक किल्ली मला पाठव. पट्टी निघाली की येतो. घासकाम माझ्याकडे दे, ब्रश तुझ्याकडेच राहील. आणि तू रोगणाला बसलीस की मला बाहेर काढ, आतून कडी लाव.

म्हाताऱ्यावर माया असू दे.

तुझा,
बाबा