आप्पांचा खड्डा

मंगळवार, संध्याकाळ

माझं चुकलं की नाही, तेच कळत नाही. प्रकाशा गावच्या काकांनी आप्पांची, म्हणजे त्यांच्या वारलेल्या वडिलांची, जुनी अँबेसिडर आमच्या अंगणात आणली तेव्हा एवढंच सांगितलं होतं, "बेटी, सीटा जश्या व्हत्यात तश्याच कर." मी तशाच केल्या. म्हणजे गाडी नवी असताना असतील तशा. अब्बांनी शिकवलं तसा नवा काथ्या भरला, चालवणाऱ्याच्या सीटला वर्षानुवर्षं बसून पडलेला खड्डा काढला. आज काका त्यावर बसले आणि हात फिरवत म्हणाले, "आप्पाना खड्डा कोठे गया वं?"

अब्बा हसले. "खड्डाच ठेवाना व्हता, ते कारागीर कसाले लागस?"

काकाही हसले. पण उतरताना पुन्हा हात फिरवला, त्याच जागी.

तशाच म्हणजे कधीच्या? मी तेव्हाच विचारायला हवं होतं. आता शिवण उसवू? पण खड्डा कुणाला भरता येतो का, काथ्यासारखा?

काथ्याची जुनी गादी मी परवाच कचऱ्यात टाकली होती. बघायला गेले तर तिथे नव्हती. अब्बांनी ती पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलीय, वर काहीही न रचता.

तिच्यातला खड्डा अजून तसाच आहे.