गुडघ्याची गोळी

तीर्थरूप ताईस,
साष्टांग नमस्कार. गुडघ्यांमुळे तो मनातल्या मनातच घातला आहे.

तक्रार गंभीर आहे. तुझ्या भावजयीने टेबलावरून मीठदाणी हद्दपार केली असून, गोड आधीच गेल्यामुळे षड्रसांपैकी माझ्या ताटात आता चारच उरले आहेत. एवढा त्याग करूनही, मधुमेहाच्या जोडीला आलेलं माझं प्रेशर एकशे ऐंशीच्या खाली उतरेना. डॉक्टर गोळ्या वाढवत गेले. मागच्या महिन्यात त्यांनी विचारलं, "आणखी काही औषध घेता का?"

"छे!" मी ठणकावून सांगितलं.

"अहो, आणि दुकानातून आणून रोज खाता ती?" हिने तोंड उघडलं.

"ते औषध थोडंच आहे? ती गुडघ्याची गोळी!"

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. त्या वेदनाशामक गोळीनेच प्रेशर चढत होतं आणि किडनीवरही ताण पडत होता. गोळी बंद झाली आणि आज प्रेशर एकशे अठ्ठावीस! किडनीही शाबूत. दवाखान्याच्या पायऱ्या कण्हत उतरलो, पण दिग्विजय करून आलेल्या सम्राटासारखा. ही म्हणाली, "महाराज, कठडा धरा."

ताई, तुलाही साखर आणि प्रेशर दोन्ही आहेत, आणि तीच गोळी तूही रोज घेतेस. मी उपदेश करतो म्हणून तू फोन उचलत नाहीस. हे पत्रही न वाचताच फाडशील, म्हणून पाठवत नाही. उद्या स्वतःच येतो. थट्टा बाजूला ठेवून सांगतो, मला तुझ्या जिवाची फार भीती वाटते.

तुझा धाकटा