आबांच्या टाळ्या

रविवार, संध्याकाळ. पिंप्राळा.

हरलो. धुळ्यात, सीझनच्या शेवटच्या मॅचला, एका गोलने. गोलकीपर मीच. पण डोक्यात आबांच्या टाळ्या घुमताहेत. शेत सोडून नरडाण्याहून पहिल्यांदाच माझी मॅच बघायला आले, आणि माझ्यावर गोल झाला तेव्हा आमच्या बाजूने एकटे तेच टाळ्या वाजवत होते! टीममधली पोरं हसली. मेल्याहून मेल्यासारखं झालं. खेळ कळलाच नसेल का माझ्या बापाला?

एसटी स्टँडवर चिडूनच विचारलं, "आबा, टाळ्या कशाला वाजवल्या?"

"बठ्ठा पयी राहिंतात, तू एकलाच राखण कराले उभा. डुक्कर वावरमा शिरनं, पन तू आडवा पडना ना!" सगळे पळत होते, मी एकटाच राखणीला उभा होतो आणि आडवाही पडलो, एवढंच त्यांनी पाहिलं होतं. मग हळूच म्हणाले, "गुडघाले लागनं का रे, भाऊ?"

गुडघा सुजलाय हे तोवर माझ्याही ध्यानात आलं नव्हतं.